नेपाळचे सणवार आणि चंद्रसूर्यांची गणना

सणवार जवळ आले म्हणजे आपल्या सुशिक्षित घरांतून एक प्रश्न हटकून ऐकूं येतो : "यंदा दसरा कितव्या तारखेस ?" वास्तविक दसरा आश्विन शुद्ध दशमीसच असतो, तो जागचा हलत नाहीं, हलते ती तारीख. परंतु विचारणाऱ्याच्या मनांत तारीख स्थिर आणि सण चंचल, असा समज बसलेला असतो. असाच प्रश्न काठमांडूंतील घरांतही विचारतात. मात्र तेथें जी तारीख विचारली जाते ती इंग्रजी नसते. ती विक्रम संवताच्या सौर महिन्याची असते, आणि तिला तेथें "गते" असें म्हणतात. या एका शब्दांत दोन समाजांमधील मोठें अंतर सांठविलेलें आहे. आपण व्यवहार एका गणनेनें व धर्मकृत्यें दुसऱ्या गणनेनें करतों, आणि त्यांतील पहिली आपणांकडे बाहेरून आलेली आहे. नेपाळी गृहस्थही दोन गणनांनीं चालतो. परंतु त्याच्या दोन्ही गणना घरच्याच आहेत. याचा परिणाम त्याच्या सणांवर काय होतो, तें आज पाहूं.

विक्रम संवत् हें नांव आपणांस परकें नाहीं. गुजराती व्यापारी बलिप्रतिपदेस जें नवें वर्ष धरतात तें याच संवताचें. नेपाळांत मात्र हें वर्ष सौर मानून मेष संक्रांतीपासून, म्हणजे एप्रिलच्या मध्याच्या सुमारास सुरू करतात. सूर्य मेषेंत शिरला कीं वैशाख लागतो, वृषभेंत शिरला कीं जेठ, आणि याप्रमाणें पुढें. सूर्य ज्या राशींत जितके दिवस राहील तितक्या दिवसांचा महिना. सूर्याची भासमान गति आपल्या उन्हाळ्यांत मंद व हिंवाळ्यांत शीघ्र असल्यामुळें असार महिना कधीं कधीं ३२ दिवसांचा होतो, तर पुस महिना २९ किंवा ३० दिवसांतच आटोपतो. मुलांकडून पाठ करून घ्यावें असें सूत्र येथें नाहीं. प्रतिवर्षीं कोष्टकच पाहावें लागतें. असें असूनही चंद्रशमशेर राणा यांच्या कारकीर्दींत, विसाव्या शतकाच्या आरंभीं, ही गणना सरकारी दप्तरांत रूढ झाली, आणि आजही जन्माची नोंद, नागरिकत्वाचा दाखला, शाळेची परीक्षा व जमिनीचें खत हीं सर्व तिच्याच आधारानें होतात. सरकारचें आर्थिक वर्षसुद्धां साउन महिन्याच्या १ गतेपासून मोजतात.

लोकांच्या स्मरणाचेंही तसेंच आहे. १५ जानेवारी १९३४ रोजीं नेपाळ व बिहार येथें जो भयंकर भूकंप झाला, त्यास आपण इतिहासाच्या पुस्तकांत १९३४ चा भूकंप म्हणतों. नेपाळांतील म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं मात्र तो "नब्बे सालचा भूकंप" होता. कारण तें संवत् १९९० होतें. पुढें २५ एप्रिल २०१५ रोजीं पुन्हां भूकंप होऊन सुमारें नऊ हजार माणसें दगावलीं. तो दिवस वैशाख महिन्याची १२ गते होता. ज्या गणनेंत माणूस आपलें दुःख लक्षांत ठेवतो ती गणना त्याची स्वतःची, असें समजण्यास हरकत नाहीं.

आपल्या देशांत असा प्रयत्न झालाच नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून भारत सरकारनें २२ मार्च १९५७, म्हणजे शके १८७९ चैत्र १, या दिवसापासून राष्ट्रीय सौर पंचांग अमलांत आणलें. त्याचे महिने ३० किंवा ३१ दिवसांचे ठरलेले आहेत. म्हणजे गणिताच्या दृष्टीनें तें नेपाळच्या पंचांगाहून पुष्कळच सोपें. तें राजपत्रावर छापलें जातें. परंतु आजची राष्ट्रीय तारीख कोठेंही न पाहतां सांगूं शकेल असा गृहस्थ आपल्या ओळखींत किती आढळेल ? सोपें असलेलें पंचांग कागदावर राहिलें आणि अवघड असलेलें पंचांग घरोघरीं नांदलें. यावरून आम्ही इतकाच बोध घेतों कीं, पंचांगास आयुष्य लाभतें तें त्याच्या सुबकपणानें नव्हे, तर तें रोज हाताळल्यानें.

आतां सणांकडे वळूं. मेष संक्रांति व माघे संक्रांति यांसारखे थोडे सण सोडले तर नेपाळांतील बहुतेक सण तिथीनेंच होतात. चंद्र सूर्याच्या पुढें बारा अंश गेला कीं एक तिथि पूर्ण होते. अशा तीस तिथींचा एक चांद्रमास. चंद्राची गति सारखी नसल्यामुळें तिथि सुमारें १९ पासून २६ तासांपर्यंत कमीअधिक असते, आणि त्यामुळेंच तिथीचा क्षय व वृद्धि होते. बारा चांद्रमासांचे सुमारें ३५४ दिवस होतात. सौर वर्षाशीं जें अकरा दिवसांचें अंतर पडतें तें दर तीन वर्षांच्या आंतबाहेर अधिक मास घालून भरून काढावें लागतें. २०२० सालीं अधिक आश्विन आल्यानें सर्वपित्री अमावास्या व घटस्थापना यांच्यामध्यें तब्बल एक महिना पडला, हें वाचकांस आठवत असेल. त्या वर्षीं नेपाळांतही असोज संपून सौर कार्तिक लागतांना घट बसले. चंद्राचा नियम दोन्हीकडे एकच.

एक भेद मात्र ध्यानांत ठेवावा, नाहींतर नेपाळी पंचांग वाचतांना घोटाळा होतो. आपला महिना अमावास्येस संपतो. तेथील धार्मिक पंचांगाचा महिना, उत्तर हिंदुस्थानाप्रमाणें, पौर्णिमेस संपतो. शुक्लपक्ष दोघांचाही एकाच नांवाचा; वद्य पक्षास मात्र ते पुढील महिन्याचें नांव देतात. आपली श्रावण वद्य अष्टमी ही त्यांची भाद्र कृष्ण अष्टमी, आणि आपली माघ वद्य चतुर्दशी ही त्यांची फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. नांव निराळें, रात्र तीच. गंमत अशी कीं, काठमांडूच्या खोऱ्यांतील मूळचे रहिवासी जे नेवार, त्यांचा महिना मात्र आपल्यासारखा अमावास्येसच संपतो. त्यांच्याविषयीं पुढें लिहावयाचेंच आहे.

श्रावणी पौर्णिमेस नेपाळांत "जनै पूर्णिमा" म्हणतात. त्या दिवशीं ब्राह्मण-क्षत्रिय घरांत नवें यज्ञोपवीत धारण करतात, व लहानथोर सर्वांच्या मनगटास पुरोहित मंतरलेला दोरा बांधतात. हा दोरा लक्ष्मीपूजनापर्यंत हातांत ठेवून मग गाईच्या शेपटास बांधावयाचा. तीच गाय पुढें वैतरणी पार करविते, अशी श्रद्धा आहे. त्याच दिवशीं नऊ प्रकारच्या मोड आलेल्या कडधान्यांचें कढण करतात. त्यास "क्वाँटी" म्हणतात. शेतांतील लावणीच्या श्रमानें थकलेल्या शरीरास पावसाळ्यांत असें सकस व उष्ण अन्न हितकर असतें, हें आपल्या गृहिणींस सांगावयास नको.

दुसऱ्याच दिवशीं "गाईजात्रा". सरत्या वर्षांत ज्या घरीं मृत्यु झाला असेल त्या घरानें एक गाय, किंवा गाईचें सोंग दिलेला मुलगा, गांवांतून मिरवीत न्यावयाचा. सतराव्या शतकांतील राजा प्रतापमल्ल याच्याविषयीं अशी कथा सांगतात कीं, पुत्रशोकानें राणीनें अन्न टाकलें, तेव्हां राजानें मृत्यु झालेल्या प्रत्येक घरास मिरवणुकींत यावयास सांगितलें, आणि शोक आपल्या एकटीच्याच वांट्यास आलेला नाहीं हें तिला खिडकींतून दाखविलें. तिला हंसविण्यासाठीं सोंगें व विनोदही त्यांत आले, आणि राज्यकर्त्यांची थट्टा करण्याची मुभा लोकांस त्या दिवशीं मिळूं लागली. भूकंपाच्या वर्षीं, २०१५ च्या श्रावणानंतर, ही जात्रा आली तेव्हां तिचा अर्थ कोणासही समजावून सांगावा लागला नसेल. आपलीं श्राद्धें ज्याच्या त्याच्या घराच्या चार भिंतींत होतात. त्यांनीं शोकासाठीं सबंध गांवास एक तिथि नेमून दिली आहे.

श्रावणी अमावास्येस आपल्याकडे पिठोरी असते व माता मुलांस वाण देते. नेपाळांत त्याच दिवशीं कुश उपटून आणतात व पित्याचें पूजन करतात. मातेचा दिवस तेथें आपल्या चैत्री अमावास्येस येतो. ज्याचे वडील हयात नाहींत तो गोकर्ण येथें जाऊन श्राद्ध करतो. भाद्रपद शुद्ध तृतीया म्हणजे आपली हरितालिका, त्यांची "तीज". लाल वस्त्रें नेसलेल्या हजारों स्त्रिया त्या दिवशीं पशुपतिनाथाच्या दर्शनास रांगा लावतात, आणि आदल्या रात्रीं माहेरीं पक्वान्नांचें जेवण होतें. सासरच्या जाचाचीं गाऱ्हाणीं गाण्यांतून मोकळेपणानें मांडण्याचाही हाच दिवस. पुढें ऋषिपंचमीस आघाड्याच्या काड्यांनीं दांत घासून स्नान करतात, तें आपल्याकडील व्रताशीं तंतोतंत जुळतें. मात्र या व्रतामागें स्त्रीच्या मासिक धर्माविषयीं जी अशुचित्वाची कल्पना आहे, तिनें नेपाळच्या पश्चिम भागांत छाउपडीचें रूप घेतलें व अनेक मुलींचे प्राण घेतले. २०१७ सालच्या कायद्यानें ती रूढि दंडनीय ठरविली, हें योग्यच झालें. सण जपणें आणि सणाबरोबर येणारें सर्वच जपणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

अनंत चतुर्दशीस पुण्यामुंबईंत गणपति विसर्जनास निघतात, त्याच दिवशीं काठमांडूंत इंद्रजात्रेमध्यें कुमारीचा रथ निघतो. कुमारी ही नेवारांच्या बौद्ध शाक्य कुळांतील लहान मुलगी. हिंदु तिला तलेजू भवानी मानून नमस्कार करतात. १७६८ सालीं गोरख्याचा राजा पृथ्वीनारायण शहा यानें काठमांडू घेतलें तें याच जात्रेच्या दिवसांत. नगर जिंकल्यावर त्यानें जात्रा मोडली नाहीं, तर स्वतः कुमारीचा टिळा घेतला, असें सांगतात. २००८ सालीं त्याच्या वंशाचें राज्य संपलें व नेपाळ प्रजासत्ताक झाला. परंतु तो टिळा आतां राष्ट्रपति घेतात. राज्यें गेलीं, तिथि राहिली.

सर्वांत मोठा सण "दशैं", म्हणजे आपलें नवरात्र व दसरा. आश्विन शुद्ध प्रतिपदेपासून कोजागरीपर्यंत पंधरा दिवस तो चालतो. घटाजवळ अंधाऱ्या खोलींत जव पेरतात. उजेड न मिळाल्यानें त्याचे अंकुर पिवळेजर्द होतात, त्यांस "जमरा" म्हणतात. आपल्या घटाखालच्या रुजवणाचाच हा भाऊ. सप्तमीस गोरखा येथून निघालेली फुलपाती काठमांडूच्या हनुमान ढोक्यांत पोंचते. अष्टमी-नवमीस पशुबलि देतात. तो आपल्यासारख्यांस रुचणारा नाहीं, व कित्येक शाकाहारी घरें तेथेंही कोहळा फोडूनच काम भागवितात. दशमीस घरांतील सर्वांत वडील माणूस दहीं, तांदूळ व तांबडा रंग कालवून धाकट्यांच्या कपाळीं टिळा लावतो, कानामागें जमरा खोवतो, हातावर दक्षिणा ठेवतो आणि आशीर्वाद देतो. हें कार्य पौर्णिमेपर्यंत पांच दिवस चालतें. कारण मामा, काका, आत्या, सासुरवाडी अशा प्रत्येक वडिलाच्या घरीं जाऊन टिळा घ्यावयाचा असतो. आपण सोनें घेऊन वडिलांकडे जातों. तेथें वडीलच देतात. नाहींतर क्रम एकच : धाकट्यानें चालत जाऊन वडिलांपुढें वांकावयाचें.

या टिळ्याचा मुहूर्तही पंचांगनिर्णायक समिति ठरवून जाहीर करते. पंचांग छापावयाचें तर या सरकारी समितीची मान्यता लागते. आपल्या महाराष्ट्रांत शुद्ध पंचांगाचा वाद लोकमान्य टिळक व व्यंकटेश बापूजी केतकर यांच्या काळीं किती गाजला, हें जुन्या वाचकांस ठाऊक असेल. अयनांशांत सुमारें चार अंशांचें अंतर असल्यामुळें टिळक पंचांगाचा अधिक मास क्वचित् निराळा येतो, आणि मग एकाच आळींत दोन घरांची दिवाळी एका महिन्याच्या अंतरानें होते. शास्त्राच्या दृष्टीनें कोणाचें बरोबर, हा विषय निराळा. पण सबंध देशानें एकाच दिवशीं टिळा लावावा, यासाठीं तेथें कोणीतरी शेवटचा शब्द उच्चारतो व बाकीचे तो मानतात.

यानंतर "तिहार", म्हणजे दिवाळी. धनत्रयोदशीस कावळ्यास घांस, चतुर्दशीस कुत्र्याच्या गळ्यांत माळ व कपाळीं टिळा, अमावास्येस गाय व लक्ष्मी यांची पूजा, प्रतिपदेस बैल व गोवर्धन, आणि द्वितीयेस "भाइटीका". बहीण भावाभोंवतीं तेलाची धार धरून फिरते, उंबऱ्यावर अक्रोड फोडते, सात रंगांचा टिळा लावते आणि कधीं न कोमेजणाऱ्या मखमली फुलांची माळ घालते. काठमांडूंतील राणीपोखरीच्या तळ्यांत एक देऊळ आहे. तें वर्षांतून याच एका दिवशीं उघडतात. ज्यांस बहीण किंवा भाऊ नाहीं त्यांनीं तेथें जाऊन टिळा लावावा, अशी रीति आहे. नात्यावर बेतलेल्या सणांत ज्याला तें नातें नाहीं त्याची सोय कोणी केलेली आमच्या पाहण्यांत फारशी नाहीं. म्हणून हें देऊळ आम्हांस विशेष वाटतें.

आतां नेवारांविषयीं. त्यांचा "नेपाळ संवत्" २० ऑक्टोबर ८७९ या दिवसापासून मोजतात, व त्याचा वर्षारंभ आपल्या बलिप्रतिपदेस होतो. शंखधर साख्वा नांवाच्या व्यापाऱ्यास नदीच्या वाळूंतून सोनें लाभलें, त्यानें तें स्वतः न ठेवतां सर्व प्रजेचें ऋण फेडलें, आणि त्या दिवसापासून हा शक सुरू झाला, अशी आख्यायिका आहे. शकाचा आरंभ लढाईच्या जयानें न होतां कर्जमुक्तीनें व्हावा, हें थोरच. मल्ल राजांच्या काळचे शिलालेख व खतें याच संवताचीं आहेत. गोरख्यांचें राज्य आल्यावर मात्र तो दप्तरांतून गेला. आपल्या घरची गणना सरकारदरबारीं कोणीं पुसत नाहीं, हें दुःख नेवारांनीं पुष्कळ काळ सोसलें व त्यासाठीं चळवळही केली. अखेर शंखधर यास १९९९ सालीं राष्ट्रीय विभूति म्हणून, व या संवतास २००८ सालीं राष्ट्रीय संवत् म्हणून मान्यता मिळाली. शिवाय थारूंचें नवें वर्ष माघाच्या १ गतेस, गुरुंगांचें पुसाच्या १५ गतेस, तामांगांचें माघ शुद्ध प्रतिपदेस. एका लहान देशांत इतकीं नवीं वर्षें सुखानें नांदतात. पण ज्याचें पंचांग सरकारी असतें त्यास इतरांची खंत सहसा कळत नाहीं, हेंही खरें.

नेवारांच्या या वर्षप्रतिपदेस सायंकाळीं "म्हपूजा" होते. "म्ह" म्हणजे स्वतःचा देह. घरांतील माणसें ओळीनें बसतात व प्रत्येकापुढें जमिनीवर एक मंडल काढतात. फुलें, धान्य, लांब वात हें सर्व त्या मंडलावर वाहून प्रत्येकाची पूजा करतात. जो माणूस परगांवीं असेल त्याचेंही मंडल काढतात. तो तेथें नसतो, पण त्याची जागा असते.

ही गोष्ट आमच्या मनांत घर करून राहिली आहे. आज नेपाळांतील लक्षावधि तरुण अरबस्तानाच्या आखातांत व मलेशियांत मजुरीस गेलेले आहेत. दशैंस ज्याला सुट्टी मिळते तो येतो, इतरांचा टिळा घरीं तसाच राहतो. आपल्या घरांचेंही याहून निराळें नाहीं. एका चुलीचीं चार बिऱ्हाडें झालीं, मुलगा अमेरिकेंत, मुलगी बंगळूरास. त्यांस वडिलांची पुण्यतिथि विचारली तर तारीख सांगतात. तिथि आईस विचारावी लागते, आणि आईच्या पश्चात् कोणास विचारावी, हा प्रश्न उभा राहतो. तिथि हें नुसतें आकाशाचें गणित नव्हे. कोणत्या दिवशीं कोणाची आठवण करावयाची, कोणापुढें वांकावयाचें, कोणासाठीं पाट मांडावयाचा, याची ती नोंद आहे. नोंद हरवली कीं माणूसही हळूहळू हरवतो.

इंग्रजी तारीख सोडावी असें आम्ही म्हणत नाहीं. तें होणार नाहीं व व्हावयासही नको. परंतु नेपाळी घरांपासून एक गोष्ट घेण्यासारखी आहे : जें जपावयाचें तें सणापुरतें कपाटांतून काढूं नये, रोज वापरावें. यासाठीं तीन लहान सूचना करतों. प्रत्येक घरानें एक वही करून तींत घरांतील सर्वांच्या जन्मतिथि व गेलेल्यांच्या मृत्युतिथि मास, पक्ष व वर्ष यांसह लिहून ठेवाव्या, आणि तिची प्रत परगांवच्या मुलांस धाडावी. मुलांस पत्र किंवा निरोप पाठवितांना तारखेबरोबर मितीही लिहावी. महिन्याभरांत तीं स्वतःच विचारूं लागतील. आणि सणाच्या दिवशीं जो घरीं येऊं शकला नाहीं त्याचें पान मांडावें, किंवा निदान पंक्तींत त्याचें नांव घ्यावें. यास खर्च नाहीं, फक्त लक्ष पाहिजे. येत्या पाडव्यास जो वाचक आपल्या दूरच्या मुलाची जागा पाटानें राखील, त्याला काठमांडूच्या खोऱ्यांतील त्या मंडलाचा अर्थ आमच्या या लेखाहून अधिक कळेल.